बीजाचा दृष्टान्त

आमच्या संस्कृत व मराठी वाङ्मयांत जे शब्द मूळच्या अर्थापेक्षां दृष्टान्तानेंच अधिक जगले आहेत, त्यांत ‘बीज’ या शब्दाचा क्रम बराच वर लागेल. नाट्यशास्त्रकारांनीं कथानकाच्या पांच अर्थप्रकृति सांगितल्या, त्यांतील पहिली बीज. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींतील एका भागाचें नांव बीजगणित. तांत्रिकांचीं अक्षरें बीजाक्षरें. योग्यांची समाधि सबीज आणि निर्बीज. वेदान्त्यांचा न्याय बीजांकुराचा. आणि स्मृतिकारांचा एक मोठा वाद बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, असा. त्यांच्या मागून संत आले, कीर्तनकार आले, कादंबरीकार आले, व्यासपीठावरील वक्ते आले. एका दाण्यावर इतक्यांनीं भार घातला. पण तो दाणा फोडून पाहण्याचे श्रम त्यांपैकीं किती जणांनीं घेतले, हा प्रश्न टीकाकारानें विचारावयास हरकत नाहीं.

यावर लगेच असा आक्षेप येईल कीं, कवि म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. मुखाला चंद्र म्हणणाऱ्यास चंद्रावरील विवरांचा हिशेब मागणें हा अरसिकपणा आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, परंतु अर्ध्यापुरताच. उपमा दोन कामें करते. ती अलंकार म्हणून येते तेव्हां तिनें मन प्रसन्न केलें कीं तिचें काम झालें. पण तीच प्रमाण म्हणून येते, म्हणजे ‘बीजाचें असें असतें, म्हणून मनुष्याचेंही असेंच असलें पाहिजे’ असा तिचा आग्रह असतो, तेव्हां ती न्यायशास्त्रांतील उदाहरण या अवयवाच्या जागीं बसते. आणि उदाहरण खोटें असेल तर अनुमान ढांसळतें, हें आमच्याच नैयायिकांनीं सांगून ठेविलें आहे. बीजाची उपमा आमच्याकडे बहुधा प्रमाण म्हणूनच आलेली आहे. तिच्या आधारावर वारसे ठरले, विवाह मोडले, स्त्रियांना बोल लागले. म्हणून उपमेयाची चर्चा एकवार बाजूस ठेवून उपमानाचीच परीक्षा करावी, असें आम्ही योजिलें आहे.

परीक्षेला साहित्य फारसें लागत नाहीं. रात्रीं भिजत घातलेला हरभऱ्याचा एक दाणा सकाळीं हातांत घ्यावा. साल बोटांनीं सोलली कीं आंत दोन डाळी निघतात. आणि दाण्याच्या चोंचीपाशीं, जेथें त्या डाळी एकमेकींस जोडलेल्या असतात तेथें, एक लहानसा दांडा दिसतो. त्याचें चोंचीकडील टोंक तें पुढें मूळ होतें; दुसरें टोंक डाळींच्या मध्यें दडलेलें असतें, तो पुढचा कोंब. भुईमुगाचा दाणा दुभंगला असतां एका अर्ध्याला जें इवलेंसें नाक चिकटून राहतें तें हेंच. डाळी या त्या रोपाच्याच आहेत. त्याचीं तीं पहिलीं दोन पानें होत. मात्र त्यांत अन्न इतकें ठांसून भरलेलें असतें कीं त्यांचें पानपण ओळखूं येत नाहीं. म्हणजे ज्याला आपण निर्जीव धान्य समजून भरडतों, तें मूळ, कोंब आणि पानें असलेलें, शिदोरी घेऊन निजलेलें पुरतें रोप असतें. नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्यानें १६७२ सालीं वनस्पतींच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, त्याचा आरंभ त्यानें झाडापासून केला नाहीं, अशाच भिजविलेल्या एका शेंगदाण्यासारख्या द्विदल बियेपासून, म्हणजे बागेंतल्या घेवड्याच्या जातीच्या दाण्यापासून केला. आमच्या मतें तो आरंभ अगदीं योग्य होता.

सालीवर आणखी दोन खुणा असतात, त्याही पाहून ठेवाव्या. पुढें त्यांचा उपयोग आहे. एक वण असतो. चवळीच्या काळ्या डोळ्याच्या मध्यें तो स्पष्ट दिसतो. शेंगेंत असतांना दाणा एका बारीक देंठानें शेंगेला जोडलेला होता. त्या देंठानेंच त्याचें पोषण झालें. आणि तो तुटला तेथें हा वण राहिला. घरगुती भाषेंत बोलावयाचें तर ती नाळ आणि ही बेंबी. वणाजवळच एक सूक्ष्म छिद्र असतें. भिजलेला दाणा चिमटींत दाबला तर तेथून पाण्याचा थेंब डोकावतो. या छिद्रांतून पूर्वीं कोण आंत गेलें होतें, तें लवकरच सांगावयाचें आहे.

सर्वच बिया हरभऱ्यासारख्या नसतात. एरंडीच्या ठिपकेदार कवचांत पांढरा तेलकट गर असतो. आणि त्या गराच्या पोटांत, कागदासारखीं पातळ, शिरा उमटलेलीं दोन पानें निजलेलीं असतात. येथें शिदोरी रोपाच्या अंगांत नाहीं, अंगाभोंवतीं आहे. ज्वारी, मका, गहूं, भात यांतही ती बाहेरच असते. मक्याच्या दाण्याच्या एका अंगावर जो फिकट चट्टा दिसतो तेवढेंच रोप. बाकीचा सगळा पिठूळ भाग म्हणजे त्याचें अन्न. याचें पान एकच असून तें उगवण्याच्या वेळीं कधींच बाहेर येत नाहीं. आंतल्या आंत राहून अन्न शोषून रोपाला पोंचवावें, एवढेंच त्याचें आयुष्य. नारळाची गोष्ट तर त्याहून नवलाची आहे. आपण पितों तें पाणी आणि किसतों तें खोबरें, दोन्ही त्या शिदोरीचींच रूपें. रोप मात्र तीन डोळ्यांपैकीं मऊ डोळ्याखालीं, बोटाच्या पेराहूनही लहान असें पडून असतें. नारळ रुजूं लागला म्हणजे त्याचें एकुलतें पान आंतल्या पोकळींत फुगत जातें. तोच पांढरा, मऊ, गोडसर गोळा. खोबरें तो गोळा खातो आणि आपण मुलांना तो गोळा खावयास देतों.

येथें भाषेविषयीं थोडें विषयांतर केल्यावांचून राहवत नाहीं. मराठींत या वस्तूंना किती नांवें आहेत पहा. आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका, कपाशीची सरकी, धान्याचा दाणा, पेरावयाचें तें बियाणें, आणि ऊस, हळद, आलें यांसारख्यांचें जें कांडें किंवा कंद लावावयाचा तें बेणें. भिजून फुटला तो मोड, जमिनीवर आला तो कोंब, वर आलें तें रोप. ज्या भाषेनें एवढे भेद केले तिला निरीक्षण नव्हतें असें कोण म्हणेल? पण शाळेंतील पुस्तक उघडावें तों तेथें आदिमूल, प्रांकुर, बीजपत्र, भ्रूणपोष यांची रांग उभी. शास्त्राला निश्चित संज्ञा हव्यात, याविषयीं आमचा वाद नाहीं. तक्रार एवढीच कीं, ‘डाळ’ हा शब्द ‘दल’ या शब्दापासूनच आला, आणि द्विदल धान्य स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे, ही ओळख करून दिल्यावांचूनच मुलाला बीजपत्र पाठ करावयास लावतात. त्यामुळें परीक्षेंत तो बीजपत्राची आकृति काढतो आणि घरीं ताटांतील उसळींत तें त्याला दिसत नाहीं. उलट बाजूनें पाहतां घरगुती भाषेंतही एक घोटाळा आहे, तो शास्त्रानेंच निस्तरावा लागतो. ज्वारीचा, गव्हाचा दाणा ही केवळ बी नव्हे. फळाची साल बियेच्या सालीशीं एकजीव झालेलें तें संबंध फळ होय. धने, जिरें, मिरें हींही फळेंच. मोहरी, मेथी, खसखस, तीळ या मात्र खऱ्या बिया.

आतां दृष्टान्तांकडे वळूं. सर्वांत उदात्त दृष्टान्त छांदोग्य उपनिषदांतला. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचें फळ आणावयास सांगतो, तें फोडावयास लावतो, आंतील बारीक दाण्यांपैकीं एक फोडावयास लावतो आणि काय दिसतें म्हणून विचारतो. मुलगा म्हणतो, कांहीं नाहीं. ज्या सूक्ष्माला तूं पाहूं शकत नाहींस त्यांतूनच एवढा मोठा वृक्ष उभा आहे, हें बापाचें उत्तर. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहणारा आजचा विद्यार्थी म्हणेल कीं, ‘कांहीं नाहीं’ हें उत्तर चुकीचें. वडाच्या बियेंतही रोप असतें. तें खरें आहे. तरीही हा दृष्टान्त आमच्या मतें परीक्षेला उतरतो. एक तर त्याची रीतच प्रयोगाची आहे: आण, फोड, पाहा, सांग. दुसरें असें कीं, ‘वृक्ष बियेच्या पोटांत लपून बसला आहे’ असें उद्दालक म्हणत नाहीं; जें दिसत नाहीं त्याच्या सामर्थ्यानें वृक्ष होतो, एवढेंच तो म्हणतो. आजही यंत्राखालीं इवलें रोप दिसतें, वड दिसत नाहीं. पारंब्या सोडण्याचें सामर्थ्य त्या रोपाच्या पेशींत ज्या स्वरूपांत लिहिलेलें असतें तें डोळ्यांचा विषय नव्हे. आमरीच्या कुळांत तर धुळीच्या कणासारख्या बिया असतात; त्यांत शिदोरी नाहीं, मूळ नाहीं, पान नाहीं, केवळ थोड्या पेशींचा पुंजका. बुरशीच्या साहाय्यावांचून त्या रुजत नाहींत, हें नोएल बेर्नार या फ्रेंच संशोधकानें १८९९ सालीं शोधून काढलें. श्वेतकेतूच्या हातीं ती बी पडती तर त्याचें उत्तर आजच्या शास्त्रालाही जवळजवळ मान्य करावें लागतें.

पण उद्दालकाच्या मागून आलेल्या पुष्कळ लेखकांनीं या दृष्टान्ताचा अर्थ पालटला. बियेंत संबंध वृक्ष, फांद्यापानांसह, सूक्ष्म रूपानें घडी घालून ठेवलेला असतो, असें ते सांगूं लागले. ही कल्पना आमचीच नाहीं. सतराव्या शतकांत युरोपांतील विद्वानही तिच्या नादीं लागले होते, आणि हार्टसूकर नांवाच्या डच गृहस्थानें १६९४ सालीं पुरुषाच्या रेतकणांत गुडघे पोटाशीं घेऊन बसलेला लहानसा मनुष्य चित्रितही केला होता. १७५९ सालीं कास्पर वोल्फ यानें या मताला धक्का दिला. अवयव आधीं तयार असून केवळ मोठे होतात असें नाहीं. ते क्रमानें नवीन घडत जातात. ‘सारें कांहीं बीजांतच होतें’ असें चरित्रकार लिहितो तेव्हां तो उद्दालकाचा शिष्य नसून हार्टसूकरचा असतो. थोर पुरुषाच्या बाळपणांतच त्याचें सगळें थोरपण दाखविण्याची आमच्या चरित्रलेखकांना जी खोड आहे, ती या उपमेनें बरीच पोसली आहे.

बीजांकुरन्यायाचें थोडक्यांत सांगतां येईल. आधीं बीज कीं आधीं झाड, याला आदि नाहीं, म्हणून संसार अनादि, असें शास्त्रकार म्हणतात. तत्त्वज्ञानांत तो न्याय कितपत टिकतो तें त्यांनीं पाहावें. पृथ्वीच्या इतिहासांत मात्र प्रश्नाला सरळ उत्तर आहे. झाड आधीं. नेच्यांप्रमाणें धुळीसारख्या बीजुकांनीं वाढणारे मोठे वृक्ष जमिनीवर उभे होते. त्यांच्या मागून, सुमारें ३६ कोटि वर्षांपूर्वींच्या सुमारास, पहिल्या बिया आल्या.

शुद्ध बीजाचा दृष्टान्त अधिक नाजुक आहे. कारण तुकोबांच्या ज्या अभंगांत तो येतो त्याचा आरंभ म्हणीसारखा लोकांच्या तोंडीं बसला आहे. तो चरण पुढच्या चरणांपासून तोडून वापरला जातो, ही आमची पहिली हरकत. तुकोबा पुढें गोड वाणीविषयीं आणि देवाच्या कारणीं देह झिजविण्याविषयीं बोलतात. कुळाविषयीं त्या ठिकाणीं ते बोलत नाहींत. शुद्ध मनांतून शुद्ध आचरण, असा तो अर्थ आहे. त्याला सोयरिकीच्या बैठकींत आणून घराण्याचें प्रमाणपत्र करणें हा तुकोबांवर अन्याय होय.

दुसरी हरकत उपमानाचीच. हरभरा, गहूं, भात हीं बहुधा आपल्याच परागानें फळणारीं पिकें. त्यांची बी पिढ्यान्‌पिढ्या सारखीच उतरते, आणि तेथें शुद्ध बीजाचा नियम पुष्कळ अंशीं खरा आहे. पण बाजरी आणि मका यांची गोष्ट वेगळी. मक्याचा वंश सतत स्वतःच्याच परागावर ठेवून ‘शुद्ध’ करीत नेला तर रोपें खुजीं व दुबळीं होतात; आणि अशा दोन दुबळ्या शुद्ध वंशांचा संकर केला असतां पहिल्याच पिढींत जोमदार पीक येतें, हें जॉर्ज शल यानें अमेरिकेंत १९०८ सालीं मांडलें. आपल्याकडे १९६४ सालीं सी.एस.एच. १ ही संकरित ज्वारी आली, तिच्या मुळाशीं हीच विद्या होती. संकराला भिणाऱ्या समाजानें संकरित भाकर पोटभर खाल्ली आणि दृष्टान्त मात्र जुनाच ठेवला! आणि आंब्याचें काय? रसाळ फळाचें नांव निघालें कीं आमच्या मनांत हापूस येतो. हापुसाची कोय लावा. जें झाड येईल त्याला हापूस लागेल याची कोणताही बागवान हमी देणार नाहीं. म्हणून तर कलमें बांधतात. कोयीपासून आलेल्या झाडांचे जे नाना चवींचे आंबे त्यांना आपण रायवळ म्हणतों. आणि गंमत अशी कीं, हापूस, पायरी यांसारख्या नामांकित जाति मुळांत अशाच कोणत्या तरी कोयींतून, कोणाच्या तरी नजरेस पडून, निवडल्या गेलेल्या आहेत.

आतां ज्या दृष्टान्तासाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतों. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत स्त्री ही क्षेत्र आणि पुरुष हा बीज, असें रूपक मांडलें आहे. एकाच शेतांत निरनिराळीं धान्यें पेरलीं तर तीं आपापल्या बीजाप्रमाणें उगवतात, भूमीचे गुण त्यांत उतरत नाहींत. म्हणून बीज श्रेष्ठ, असा त्यांतील युक्तिवाद आहे. न्यायासाठीं हें सांगितलें पाहिजे कीं, स्मृतीचा सूर एकच नाहीं. दोन्ही सारखीं असतील तर संतति उत्तम, असेंही तेथें म्हटलें आहे. आणि परक्याच्या शेतांत पेरणाराला पीक मिळत नाहीं, हा वारशाचा प्रश्न आला कीं पारडें क्षेत्राकडे झुकतें. म्हणजे उपमा तीच, निकाल मात्र खटल्याप्रमाणें. हा दोष आमचाच आहे असेंही नव्हे. ख्रिस्तपूर्व ४५८ सालच्या एस्किलसच्या नाटकांत अपोलो देव न्यायसभेसमोर असेंच सांगतो कीं, आई ही खरी जननी नव्हे, ती पेरलेल्या बीजाची केवळ दाई. आणि त्या जोरावर मातृवध करणारा आरोपी सुटतो.

आतां शेंगेवरील त्या नाळेकडे आणि छिद्राकडे पुन्हा वळूं. एरंडाच्या तुऱ्यावर नर फुलें आणि मादी फुलें वेगळालीं असतात. कामेरारियस या जर्मन वैद्यानें एरंडाचीं नर फुलें उमलण्यापूर्वींच खुडून पाहिलीं. तेव्हां बी धरली नाहीं. १६९४ सालीं त्यानें पत्ररूपानें हें प्रसिद्ध केलें. पित्याचा वांटा आहे, हें येथें सिद्ध झालें. पण तो वांटा म्हणजे बीज नव्हे, तो पराग. परागाची एक बारीक नळी मादी फुलाच्या अंडाशयांत उतरते आणि बहुधा त्या सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरते. तिच्यांतून दोन पुंकेंद्रें येतात. एक अंड्याशीं एकरूप होतें, त्याचें रोप. दुसरें मातेच्या दोन केंद्रांशीं मिळतें, त्याची शिदोरी. हा दुहेरी संयोग नावाशिन या रशियन शास्त्रज्ञानें १८९८ सालीं दाखवून दिला. आतां हिशेब मांडा. रोपांत केंद्रद्रव्य पित्याचें अर्धें व मातेचें अर्धें. शिदोरींत पित्याचा एक भाग, मातेचे दोन. बियेची साल सर्वस्वी मातेची; तिच्यांत पित्याचा अंशही नाहीं. सरकीवरचा कापूस म्हणजे त्या सालीच्याच पेशी, एक एक तंतु म्हणजे एक एक पेशी. तेव्हां अंगावरचें धोतर काय किंवा लुगडें काय, तें झाडाच्या मातृकुळाचें वस्त्र आहे. चिलगोज्यांत तर आपण खातों ती शिदोरी संयोगाच्या आधींच, केवळ मातेच्या बाजूनें, तयार होते.

यावरून रूपकाची चूक नुसती थोडीथोडकी नाहीं, पात्रांचीच अदलाबदल आहे, हें ध्यानांत येईल. बीज हा पिता नव्हे. बीज हें मूल आहे. तें मातेच्या अंगावर, तिच्या नाळेवर वाढून, बेंबीचा वण घेऊन, शिदोरी बांधून बाहेर पडलेलें मूल आहे. शेत ही त्याची माता नव्हे. शेतांत पडलें तेव्हां तें केव्हांच जन्मलेलें होतें. शेत देतें तें पाणी, क्षार आणि उभें राहावयास जागा. खरी माता ज्या झाडावर होती तें झाड स्मृतिकारांच्या दृष्टींतून गळलें. आणि गळलें याचें कारण पेरणाऱ्याच्या हातांत बी दिसते, तिची आई दिसत नाहीं. शिवाय त्याच वचनांत भात, मूग, तीळ यांच्या जोडीला ऊस आणि लसूण यांचेंही नांव आलें आहे. आमचा कुणबी हसेल. उसाला तो बियाणें म्हणत नाहीं, बेणें म्हणतो. आणि बेणें म्हणजे जुन्या उसाचेंच कांडें, त्यांत पित्याचा संबंध येतो कोठें? कांहीं जातींच्या आंब्यांत व संत्र्यांत एका बियेंतून तीन-चार रोपें निघतात. त्यांतील बहुतेक संयोगावांचून, मातेच्याच पेशींपासून उत्पन्न झालेलीं असतात. संत्र्याच्या बियेंतील हीं जुळीं रोपें लेव्हेनहुकनें १७१९ सालींच पाहिलीं होतीं. बीज म्हणजे पिता असें मानणाऱ्यानें या रोपांचा बाप कोठून आणावा?

ग्रेगोर मेंडेल यानें वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ सालीं छापले गेले. गोल दाण्याची जात आणि सुरकुतलेल्या दाण्याची जात यांचा संकर करतांना त्यानें कधीं एकीला माता केलें, कधीं दुसरीला. फळ तेंच आलें. कोणता गुण कोणत्या बाजूनें आला यानें कांहीं फरक पडला नाहीं. बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, या वादाचा निकाल एका मठाच्या बागेंत इतक्या शांतपणें लागला कीं, १९०० सालापर्यंत विद्वानांनाही त्याचा पत्ता नव्हता.

लीला दुबे या मानवशास्त्रज्ञ विदुषींनीं १९८६ सालीं बीज आणि भूमि या रूपकावर इंग्रजींत एक निबंध लिहिला; मुलांवरील हक्क, जातीचा निर्णय, जमिनीचा वारसा आणि स्त्रीचे श्रम या सर्वांना हें रूपक कसें पाठिंबा देतें, तें त्यांनीं उलगडून दाखविलें आहे. आमच्या समीक्षकांनीं तो निबंध समाजशास्त्राचा म्हणून बाजूला ठेवूं नये. रूपकाची एवढी कसून केलेली चिकित्सा साहित्याच्या पुस्तकांतही विरळा. त्यांच्या विवेचनाला आम्ही एकच गोष्ट जोडूं इच्छितों. हें रूपक स्वतःच्या अटीही पाळीत नाहीं. बीजाप्रमाणेंच पीक येतें, भूमीचे गुण उतरत नाहींत, असें एकदां म्हटल्यावर मुलगी झाली तर बोल बीजाला लागावयास पाहिजे होता. तो लागला क्षेत्राला. मूल झालें नाहीं तेव्हां ‘वांझ’ हा शब्दही स्त्रीलाच लागला; न रुजणाऱ्या बियेवरून पुरुषावर एखादा शब्द आला नाहीं. मनुष्यांत मुलगा कीं मुलगी हें पित्याच्या रेतकणावर अवलंबून असतें, हें ज्या संशोधनानें पुढें कळलें त्याचा पाया १९०५ सालीं किड्यांवरील अभ्यासानें घालणाऱ्यांत नेटी स्टीव्हन्स ही एक स्त्रीच होती. पण एवढ्या दूर जाण्याचेंही कारण नव्हतें. रूपक सरळ वाचलें असतें तरी निदान सुनेचा छळ करतांना तें तोंडांत आलें नसतें. आमच्या कथा-कादंबऱ्यांतून ‘याच्या बीजाचा’, ‘त्याच्या बीजाचा’ अशी भाषा पात्रांच्या तोंडीं येते, तेथें ती पात्रांची म्हणून शोभेल. लेखक जेव्हां स्वतःच्या निवेदनांत ती वापरतो, तेव्हां तो आपण कोणता पक्ष घेत आहों याचा विचार करीत नाहीं, असें नाइलाजानें म्हणावें लागतें.

सर्वच जुने दृष्टान्त चुकीचे, असा मात्र आमचा अभिप्राय नाहीं. योगसूत्रांवरील व्यासभाष्यांत ज्ञानानें दग्ध झालेल्या क्लेशांना भाजलेल्या बीजाची उपमा दिली आहे. ती बिनचूक आहे. फुटाण्याचा आकार हरभऱ्याचाच. साल, डाळी, चोंचीजवळचें नाक, सारें जागच्या जागीं. केवळ रुजण्याचें सामर्थ्य नाहींसें झालेलें. ज्ञानी पुरुष जगतो, बोलतो, खातो, पण त्याच्या कर्मांतून पुढचा अंकुर फुटत नाहीं, हें यापेक्षां नेमकें कसें सांगावें? ही उपमा देणाऱ्यानें भट्टीपुढें उभें राहून दाणा पाहिला होता, असें आम्हांस वाटतें.

आणि कांहीं दृष्टान्त तर अजून कोणी उचललेलेच नाहींत. ई. एच. रॉबर्ट्स यानें १९७३ सालीं बियांचे दोन वर्ग केले: वाळविल्या कीं टिकणाऱ्या, आणि वाळविल्या कीं मरणाऱ्या. पहिल्या वर्गांतील बियांची वाट पाहण्याची शक्ति अचाट आहे. मसाडा येथील उत्खननांत सांपडलेली सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची खजुराची बी २००५ सालीं इस्राएलांत रुजविण्यांत आली. झाड नर निघालें, एवढाच काय तो विरस. दुसऱ्या वर्गांत आपला आंबा आणि फणस येतात. आठळी आषाढाच्या तोंडीं जमिनीवर पडते आणि तिला थांबणें ठाऊक नसतें. ओल मिळाली कीं कांहीं दिवसांतच मूळ फुटतें, आणि ऊन लागून सुकली कीं ती मेलीच. देशावर ज्वारी पेवांत घालून तोंड लिंपीत, ती ओल लागूं नये म्हणून. आणि कोंकणांत पावसाळ्याच्या बेगमीच्या आठळ्या मातींत राखून ठेवीत, त्या सुकूं नयेत म्हणून.